पूर येण्याआधी आजी-आजोबांची पिशवी

सांगलीतल्या एका वृद्धाश्रमात मी रात्रपाळी करते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा औषधं कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या बाईंकडे, अशी आमची गत झाली. तेव्हापासून पावसाळ्याआधी प्रत्येक खाटेच्या उशाशी मी एक कापडी पिशवी अडकवते.

तिच्यात सात दिवसांच्या गोळ्या, त्याही पाकिटासकट. सुट्या गोळ्या नवीन डॉक्टर ओळखणार कशा? चष्मा, कवळीची डबी, कानयंत्राचे सेल, आधारची झेरॉक्स. मुला-मुलींचे नंबर कागदावर लिहा. मोबाईल बंद पडला की ते कुणालाच पाठ नसतात. इन्सुलिन थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की ते वाया गेलं.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची 40 फूट ही इशारा पातळी, 45 ला धोका. आम्ही 40 लाच हलतो, कारण अंथरुणाला खिळलेल्या एकाच आजींना वर न्यायला तीन माणसं लागतात. हातांची मजबूत खुर्ची घ्या, कमरेला ओढणी बांधा, चढताना खुर्चीची पाठ जिन्याच्या वरच्या बाजूला. एक जण मागून, दोघे पुढचे पाय धरून. आधी सांगा, "आजी, उचलतोय हं, हात मांडीवर ठेवा." न सांगता उचललं की त्या घाबरून कठडा धरतात आणि तोल तिथेच जातो. कोरड्या दिवशी रिकाम्या खुर्चीने सराव करा.

रुग्णवाहिकेसाठी 108, इतर मदतीला 112. हे आकडे भिंतीवर, लांबून दिसतील एवढे मोठे लिहा.