अपडेट झालं आणि कॉम्प्युटर मुका झाला

रविवारी रात्री अपडेट झालं आणि सोमवारी सकाळी कॉम्प्युटरचा आवाज गायब. स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली. पिन काढून परत घातली, स्पीकरला एक टपलीही मारून पाहिली (जुनी खोड). ढिम्म.

मग डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली मशीनच्या सगळ्या भागांची यादी) उघडला. ड्रायव्हर म्हणजे तो तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम; तो आधीच्या आवृत्तीवर नेणारं ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं बटण फिकट, दाबलंच जाईना. शेवटी ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये गेलो, पण नेटवर शोधू न देता मशीनमधल्याच यादीतून साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ नावाचा ड्रायव्हर निवडला. रीस्टार्ट केलं, आणि टुंग!

१९९९ साली घरी पहिला कॉम्प्युटर आला, विंडोज ९८ वाला. चपला बाहेर काढून खोलीत जायचं आणि काम झालं की आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घालायचं. लाइट गेले की पुढच्या खेपेला निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) मुंगीच्या पावलांनी सरकायचं. सगळे निमूट बघत बसायचे, बाबा तर हात जोडायचेच बाकी. पण रात्रीत आपोआप काही बदललंय, असं कधी झालं नाही. ड्रायव्हर बिघडला तर सीडी घालायची, बस.

ती सीडी अजून कपाटात आहे. नव्या मशीनला ती घालायला जागाच नाही.