पुण्याहून विमानप्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

दिल्लीत दुपारी बाराला काम आहे, विमान नऊचं, प्रवास दोन तासांचा. म्हणजे वेळच वेळ! असा हिशेब मांडून निघालेला माणूस बारा वाजता बहुतेक दिल्लीच्या ट्रॅफिकमध्येच असतो.

पहिली गफलत अंतरात होते. नकाशाच्या ॲपमध्ये पुणे ते दिल्ली टाकलं की रस्त्याचं अंतर येतं, चौदाशे किलोमीटरच्या पुढे. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, ते दिल्ली विमानतळ हे हवाई अंतर मात्र 1,150 किलोमीटरच्या आसपास आहे. नागपूर रस्त्याने सातशेच्या वर, हवेतून जेमतेम सहाशे. हवाई अंतर शोधताना एककही बघा. दिल्लीसमोर 620 च्या आसपासचा आकडा दिसला तर ते नॉटिकल मैल असतात, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

त्याहून मोठी चूक म्हणजे अंतराला वेगाने भागणं. विमान उंचीवर स्थिरावल्यावर ताशी 800 किलोमीटरने जातं, म्हणून दिल्ली दीड तासाच्या आत यायला हवी, असं वाटतं. तिकिटावर मात्र दोन तासांच्या वर वेळ असते, आणि तीच खरी धरायची. ती गेटवरून विमान हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. तिला ब्लॉक टाइम म्हणतात. लोहगाव हा मूळचा हवाई दलाचा तळ. धावपट्टी एकच, आणि तिच्यावरूनच सुखोई लढाऊ विमानंही उडतात. दार बंद झालं, विमान मागे ढकललं गेलं, तरी पुढे रांग असू शकते. मग वर चढण्यात आणि उतरण्यात वेग कमी असतो, दिल्लीत उतरायला पुन्हा नंबर लागतो, आणि चाकं टेकल्यावर गेटपर्यंतचा रस्ताही लांबलचक. अंतर जितकं कमी, तितका भागाकार जास्त फसवतो: गोवा हिशेबाने अर्ध्या तासावर येतं, तिकिटावर साधारण तासभर लागतो.

वारा लोक विसरतात. कोलकात्याला जाताना तो बहुधा पाठीमागून असतो, परतताना समोरून. हिवाळ्यात फरक जास्त जाणवतो. दोन्ही बाजूंची वेळ सारखी धरू नका.

परदेशी तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यामुळे तिकिटावर जाण्याचा प्रवास दोनेक तासांचा दिसतो आणि येण्याचा चार-साडेचार तासांचा. प्रत्यक्षात दोन्ही तीन तासांच्या आसपासच आहेत. जाताना दीड तास मिळवा, येताना वजा करा. मुलांकडे एकट्याने निघालेल्या आईवडिलांना हे नीट समजावून सांगा, विशेषतः मधुमेह असेल तर. जेवणाची आणि औषधाची वेळ घड्याळ बघून नव्हे, उलटलेल्या तासांवरून ठरवावी लागते, आणि ती डॉक्टरांना आधी विचारून घ्यावी.

लोहगावला पोचायचा वेळही प्रवासातच धरा. हिंजवडी किंवा सिंहगड रोडहून संध्याकाळी निघणाऱ्याला दीड तासही कमी पडू शकतो, आणि चेक-इन काउंटर देशांतर्गत विमानासाठीही साधारण तासभर आधी बंद होतो. परतल्यावर बॅग घेऊन कॅबसाठी एरोमॉलपर्यंत, म्हणजे विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीपर्यंत, जायचं असतं. घरच्यांना उतरण्याची वेळ सांगताना तेवढी मिनिटं वाढवून सांगा.

शहर बरोबर, विमानतळ चुकीचा, हा प्रकार आता वाढणार. गोव्यात दाबोळी आणि मोपा, दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर. हॉटेल दक्षिण गोव्यात असेल तर मोपाचं स्वस्त तिकीट टॅक्सीच्या भाड्यात महाग पडतं. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या पुणेकरांनी तर गाडी ठरवण्याआधी तिकिटावरचा कोड वाचावाच: बीओएम म्हणजे जुना मुंबई विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. कोड ड्रायव्हरलाही घरून निघतानाच सांगा, कारण पनवेल मागे टाकल्यावर चूक लक्षात आली तर वळसा घेण्यातच विमान हातचं जाईल.