पहिल्यांदा गड चढताय? उतरणीपुरता दम राखा. या चुका टाळा

सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन दिवसभर कपाशीत फिरणाऱ्या माणसाला वाटतं, गड चढणं म्हणजे असून असून किती! मलाही तसंच वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी अकोट तालुक्यातल्या शहानूरहून नरनाळा किल्ल्याकडे निघालो, तेव्हा आम्ही चौघं होतो आणि पाण्याची बाटली एक. अर्ध्या तासात माझ्या पोटरीत असा गोळा आला, की दगडावर बसून पाय धरला.

आपलं शिवार सपाट. धुऱ्यानं चालताना पाऊल नुसतं पुढं पडतं. चढावर दर पावलाला अख्खं अंग वर उचलावं लागतं. हे काम मांड्यांचं आणि ढुंगणाच्या स्नायूंचं. शेतात कितीही चाललात तरी त्यांना ही सवय नसते. महिनाभर आधी आठवड्यातून तीनदा देवळाच्या पायऱ्या किंवा पाण्याच्या टाकीचा जिना चढा-उतरा. रामटेक जवळ असेल तर सोन्याहून पिवळं.

सुरुवातीलाच सुसाट सुटणं

पहिली दहा मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला. हृदय आणि फुप्फुसं वेग धरेपर्यंत स्नायू साठवणीतली साखर भराभर जाळतात, आणि ती पुढच्या चढाला कमी पडते. पारख सोपी आहे: चालता चालता एक पुरं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग कमी करा. थांबूच नका असं नाही, पण दर पाच मिनिटांनी बसकण मारण्यापेक्षा मंद पण सलग चाललेलं बरं.

आपल्या पोट्ट्यांची खरी अडचण वेगळीच. ‘थकला का बे?’ असं कोणी विचारलं की ‘हो’ कोणीच म्हणत नाही. म्हणून सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवा. प्रश्नच उरत नाही. आणि ‘वर हवा विरळ आहे ना भौ’ ही सबबही चालायची नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटरवर. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. इथं धाप लागते ती चढाची आणि घाईची.

दम लागणं आणि धोका यांत गल्लत

जिद्द कुठं करायची हे आधीच ठरवून ठेवा. मांड्या भरून आल्या, छाती भात्यासारखी चालतेय, मन म्हणतंय पुरे. पण तीन-चार मिनिटं उभं राहिलं की श्वास जाग्यावर येतो. इथं नेट लावा. पुढच्या वळणापर्यंत, मग त्याच्या पुढच्या सागापर्यंत.

पण छातीवर दाब आला, कळ जबड्यात किंवा हातात उतरली, गार घाम फुटला, भोवळ आली, तर त्या दिवसाचा गड तिथंच संपला. सोबती असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय की नाही, याची वाट पाहू नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. मेळघाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून गावात कोणाला तरी परतीची वेळ सांगूनच निघा.

जंगल आहे म्हणजे सावली आहे, हा समज

आपलं जंगल सागाचं, पानगळीचं. मार्चनंतर डोक्यावर नुसत्या काड्या आणि पायाखाली खडखडणारा पाचोळा. त्या पाचोळ्याखालचा दगड हमखास घसरवतो. खिशातला कांदा उन्हापासून वाचवतो ही माझ्या आजीची श्रद्धा होती. मी अजूनही ठेवतो, पण भरवसा पाण्यावर. पहिल्या चढाईला नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. माणशी दोन-तीन लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा.

खूप घाम गेल्यावर नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी सुरू होते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सोबत गूळ-फुटाणे. महाशिवरात्रीला पचमढीचा चौरागड हा आपल्याकडच्या कित्येकांचा पहिला डोंगर. खांद्यावर नवसाचा त्रिशूळ, समोर तेराशेच्या आसपास पायऱ्या आणि पोटात उपास. उपास धरा, पण निघण्याआधी साबुदाणा, केळी पोटात असू द्या.

मोहोळ दिसलं तर विडी, अत्तर, आरडाओरडा बंद. मोहाच्या दिवसांत अस्वलं झाडाखाली येतात, म्हणून पहाटे-सांजेला जंगलात नको. व्याघ्रप्रकल्पात पायी जाता येतं की गाडीच घ्यावी लागते, हे वनखात्याच्या गेटवर विचारून घ्या.

माथा गाठला म्हणजे झालं

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली दिलेला हिशेब अजून कामाला येतो: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. सहा किलोमीटर आणि ५०० मीटर चढ म्हणजे दोन तास. नवख्यानं तीन धरावेत. डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य मावळतो. दुपारी एकची वेळ ठरवा, आणि माथा हाकेवर असला तरी एकला मागं फिरा.

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून तो चढण्यापेक्षा उतरण्यानंच जास्त दुखावतो. मी धावत उतरलो होतो. तुम्ही छोटी पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, काठी घ्या. नखं आदल्या दिवशी कापा आणि उतरण्याआधी नाड्या आवळा, नाहीतर अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. बूट नवेकोरे नकोत.

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. संडासात उकिडवं बसताना भिंत धरावी लागते. चार-पाच दिवसांत ओसरतं, तोवर हळूहळू चालत राहा. अंगातलं पाणी आटलेलं असताना दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. एकच गुडघा सुजला, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.