व्हिएन्नात ऑपेरा, नाटक आणि कॅबरे: या चुका टाळा

पुण्या-मुंबईचा नाटकवेडा माणूस तिकीट काढण्याआधी पेपरातली जाहिरात नीट वाचतो. नाट्यगृह कुठलं, वेळ काय, मूळ संच आहे की कलाकार बदललेत, सगळं बघतो. तोच माणूस व्हिएन्नाला गेला की 'एक ऑपेरा बघायचाय' एवढंच ठरवतो आणि हाताला लागेल ते तिकीट घेतो. पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून संध्याकाळ क्वचितच वाया जाते. वाया जाते ती चौकशी न केल्यामुळे.

हंगाम न बघता विमानाची तिकिटं काढणं

व्हिएन्नाचं मुख्य ऑपेरागृह म्हणजे स्टाट्सओपर. तिथला हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर इमारतीसमोर फोटो काढून परत यायचं, कारण त्या दोन महिन्यांत तिथे प्रयोग नसतात. एप्रिल-मेच्या शाळेच्या सुट्टीत किंवा दिवाळीत जाणाऱ्यांना ही अडचण नाही. फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर ऑपेरा बॉलची तारीख तेवढी तपासा. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिश्चनांचा उपवासकाळ, सुरू होण्याआधीच्या गुरुवारी प्रेक्षागृहाचं नृत्यगृह करतात आणि त्या तयारीपायी आगेमागे काही दिवस प्रयोग बंद असतात.

उतरल्याच्या दिवशीच ऑपेरा

उन्हाळ्यात व्हिएन्नाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे थंडीत तिथे संध्याकाळी सातला पडदा वर जातो तेव्हा तुमच्या शरीराचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. त्यात आदल्या रात्रीचं विमान आणि दिवसभराची पायपीट. मऊ खुर्ची, मंद प्रकाश, व्हायोलिन. पुढे काय होतं ते सांगायला नको. दोन रात्री जाऊ द्या.

विगवाल्याकडून तिकीट घेणं

स्टाट्सओपरच्या आजूबाजूला आणि श्टेफान्सप्लात्झ चौकात लाल कोट, पांढरा विग घातलेले तरुण हातात फाइल घेऊन फिरतात. 'मोत्झार्ट, टुनाइट' म्हणत बैठकीचा नकाशा दाखवतात. ते विकतात ती पर्यटकांसाठीच्या कॉन्सर्टची तिकिटं असतात. मोत्झार्ट-श्ट्राउसच्या लोकप्रिय तुकड्यांचा कार्यक्रम, वादकही कधी जुन्या पोशाखात. हौस म्हणून ठीक आहे, पण तो ऑपेरा नव्हे. सभागृह कुठलं, वाद्यवृंद कुठला, हे विचारल्याशिवाय कार्ड पुढे करू नका. ऑपेराचं तिकीट ऑपेरागृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच घ्या. शोध घेतल्यावर वर दिसणाऱ्या दुव्यांत मध्यस्थ असतात आणि तेच तिकीट चढ्या भावाने विकतात.

इमारत निवडणं, प्रयोग न निवडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. स्टाट्सओपरचा कारभार आपल्या नाट्यगृहांसारखाच आहे. आज एक, उद्या दुसरं, परवा बॅले. सेट रोज उतरतो, रोज चढतो. तुम्ही मोकळे आहात त्या बुधवारी संगीतकार वाग्नरचा 'पार्सिफाल' असला, तर मध्यंतरं धरून पाच तासांची बैठक आहे. पहिल्यांदा ऑपेरा बघणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

दुसरी गोष्ट दिग्दर्शनाची. युरोपात जुन्या ऑपेराला आजच्या काळात आणून ठेवायची मोठी चाल आहे. राजवाड्याच्या जागी ऑफिस आणि राजाच्या अंगावर सूट दिसू शकतो. त्यातले काही प्रयोग फार सुंदर असतात, पण मूळ कथा माहीत नसेल तर डोक्यावरून जातात. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत दिग्दर्शकाचं नाव आणि निर्मितीचं वर्ष बघा. स्टाट्सओपरमध्ये मार्गारेटे वाल्मानचा 'तोस्का' 1958 पासून आणि फ्रांको झेफिरेल्लीचा 'ला बोएम' 1963 पासून चालत आलाय. चित्रातल्यासारखे सेट, त्या त्या काळातले कपडे, समजायला सोपी गोष्ट आणि तीन तासांच्या आत मोकळे. नवख्याने डोळे झाकून यातलं एक घ्यावं. गोष्ट मात्र घरून वाचून जा. समोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजी शब्द येतात, पण सगळा वेळ पडद्यात डोकं घातलं तर रंगमंच कधी बघणार?

स्वस्त बॉक्स, महाग पश्चात्ताप

बॉक्समध्ये, म्हणजे प्रेक्षागृहाच्या कडेच्या खोलीवजा कप्प्यात, बसायचं स्वप्न बऱ्याच जणांचं असतं. बाजूच्या बॉक्समधल्या मागच्या रांगेतून रंगमंचाचा जेमतेम कोपरा दिसतो, तोही उभं राहून. तेवढेच पैसे वरच्या गॅलरीच्या मध्यभागी टाकलेले बरे. कलाकार लहान दिसतात, आवाज मात्र उत्तम पोचतो.

पायांत जोर असेल तर उभ्याची तिकिटं घ्या. साधारण 10 ते 20 युरोत मिळतात आणि विक्री प्रयोगाच्या दिवशीच सुरू होते. सगळ्यात चांगली जागा तळमजल्यावर, मधल्या शाही बॉक्सच्या बरोबर खाली. शेकडो युरो मोजून बसलेल्यांच्या पाठीमागून, पण जवळजवळ तेच दृश्य. इथला रिवाज असा की आत शिरल्यावर कठड्याला स्कार्फ बांधायचा, की ती जागा तुमची. मग खुशाल कॉफी पिऊन या, बांधलेल्या स्कार्फला कुणी हात लावत नाही. स्कार्फ नसेल तर ओढणी चालते. पाठीवरची सॅक आणि जाड कोट मात्र आधी क्लोकरूममध्ये द्यावे लागतात, त्यासाठी वेळ धरा. उभं राहायचं तर पायात सपाट बूट हवेत. पैठणी नेसायची हौस असेल तर खुर्चीचं तिकीट काढा. हाफ पँट आणि रबरी चपला घालून तर जाऊच नका.

पाच मिनिटं उशीर, आणि वन्समोअर

'तिसरी घंटा तर होऊ दे' हा हिशेब इथे चालत नाही. सातचा प्रयोग सातलाच सुरू होतो. उशिरा आलेल्याला मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं. 'सालोमे', 'एलेक्ट्रा' आणि 'दास राइनगोल्ड' या ऑपेरांना मध्यंतरच नाही. तेव्हा तिकीट खिशात आणि तुम्ही बाहेर.

टाळ्यांना घाबरू नका. गाणं संपून वाद्यं थांबली की टाळ्या आणि 'ब्राव्हो' चालतं. 'पार्सिफाल'च्या पहिल्या अंकानंतर मात्र परंपरेने टाळ्या वाजवत नाहीत. संगीत नाटकातला वन्समोअर इथे विरळाच, पण अगदीच नाही असं नाही. एप्रिल 2016 मध्ये 'तोस्का'त गायक योनास काउफमानला लोकांनी तेच गाणं पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर नायिकेचा प्रवेश होता आणि ती रंगमंचावर आलीच नाही. काउफमानने चालीतच गाऊन सांगितलं, आमच्याकडे सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) नाहीये! प्रेक्षागृह हसून लोटपोट.

कॅबरे म्हणजे पिसांचा नाच, हा समज

तो पॅरिसचा मामला. व्हिएन्नात 'काबारेट' लिहिलेलं असेल तिथे माणसं बोलतात. राजकारण, शेजारी, स्वतःची फजिती, मध्येच एखादं गाणं, आणि सगळं व्हिएन्नी जर्मनमध्ये. आपल्याकडच्या विनोदी एकपात्रीशी त्याचं नातं जास्त. वोल्त्साइले रस्त्यावरचं 'सिम्पल' 1912 पासून चालू आहे. फ्रिट्झ ग्र्युनबाउम आणि कार्ल फार्कास ही तिथली गाजलेली जोडी. एक शहाणा, एक भोळा, आणि दोघांची जुगलबंदी. मार्च 1938 मध्ये नाझी येण्याच्या तोंडावर रंगमंचावरचे दिवे गेले, तेव्हा अंधारात ग्र्युनबाउम म्हणाला की मला काहीच दिसत नाही, मी चुकून नाझी संस्कृतीत शिरलो बहुतेक, असं सांगतात. 1941 मध्ये दाखाउच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला. अशा परंपरेची जागा बघावीशी वाटणं साहजिक आहे, पण जर्मन येत नसेल तर दोन तास इतरांच्या हसण्याकडे बघत बसावं लागेल. जर्मनीत राहणारा भाचा-पुतण्या बरोबर असेल तर जरूर जा.

भाषेची अडचण असताना नाच-गाणं आणि विनोदच हवा असेल तर फोल्क्सओपर या दुसऱ्या ऑपेरागृहातला ऑपेरेटा, म्हणजे ऑपेराचा हलका विनोदी भाऊ, बघा. तिथलं गाणंही बहुधा जर्मनच असतं, पण गोष्ट हलकीफुलकी असते आणि आधी वाचून गेलात तर अडत नाही. नाटकासाठी 1963 पासूनचं व्हिएन्नाज इंग्लिश थिएटर आहे. बुर्गथिएटरची वास्तू भव्य, पण नाटकं जर्मन. इंग्रजी उपशीर्षकं कोणत्या प्रयोगाला आहेत ते बघूनच तिकीट काढा.

रिकाम्या पोटी जाणं

मध्यंतरात बटाटेवडा मिळणार नाही. छोटी सँडविचेस, वाइन आणि लांब रांग. आधी खाऊन जा. प्रयोगानंतर ऑपेरामागे आल्बर्टिना संग्रहालयाजवळच्या सॉसेजच्या टपरीवर सुटाबुटातली गर्दी दिसेल. शाकाहारी मंडळींनी पाटीवरच्या 'केझेक्राइनर'मधल्या केझे, म्हणजे चीजला, भुलू नये. ते चीज भरलेलं मांसाचं सॉसेज आहे. पाच मिनिटांवर कार्ल्सप्लात्झची मेट्रो. शुक्रवार-शनिवारी ती रात्रभर चालते, इतर दिवशी साडेबाराच्या सुमारास थांबते आणि मग रात्रीची बस पकडावी लागते.