नवीन फोनवर यूपीआय सुरू होईना: 'मोबाइल नंबरची पडताळणी झाली नाही'

आईचा फोन बदलला आणि ॲप वरील ओळीवरच अडकलं. कॅशे साफ केली, ॲप दोनदा काढून टाकलं, काही नाही. चार दिवस बर्डीच्या बाजारात भाजी घ्यायलाही तिला सुट्टे शोधावे लागले, फार वाईट वाटलं.

पडताळणीचा एसएमएस आपल्याच सिमवरून जातो. तिच्या स्वस्त रिचार्जमध्ये एसएमएस नव्हते आणि मेन बॅलन्स शून्य!

मग या क्रमाने केलं: आधी १० रुपयांचा टॉपअप. त्या सिमवरून माझ्या नंबरला साधा एसएमएस. तो पोचल्यावरच पुढे. दुसरं सिम बाहेर, वायफाय बंद. सेटिंगमध्ये ॲपला एसएमएस आणि फोनची परवानगी. ॲप उघडून बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम निवडलं. पहिल्याच झटक्यात खातं दिसलं.

त्याच नंबरचं सिमकार्ड बदलून नवीन घेतलं असेल, तर एसएमएस २४ तास बंद असतात, तेवढं थांबा.