गावातून कॉमिक काढायचं तर आधी छापखाना, मग पेन्सिल

नवखे कॉमिककार पहिल्या चौकटीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पानं काढून होतात, मग छापखान्यात कळतं की ती मापात बसत नाहीत, अक्षर बारीक आलंय, आणि जत्रांचे दिवस निघून गेलेत. पुण्या-मुंबईतला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरा छापखाना गाठतो. दारव्हा, अर्जुनी मोरगाव किंवा कोरचीत बसणाऱ्याचा नागपूर-अमरावतीच्या एका खेपेत दिवस मोडतो. म्हणून इथे उलटं मोजायचं. कुठे आणि कधी विकायचं ते आधी ठरवा. त्यावरून छपाईची तारीख ठरते, छापखान्याच्या यंत्रावरून पानाचं माप, आणि मापावरून चित्र.

खालची सगळी मापं एकाच वस्तूची आहेत: ए-फाइव्ह आकार (१४८ × २१० मिमी), आत ३२ पानं काळीपांढरी, वर रंगीत कव्हर, मधोमध दोन पिना. पहिल्या कॉमिकला यापेक्षा मोठा घाट घालू नये. आतली पानं रंगीत करायचा मोह तर हमखास होतो. खर्च वाढतो आणि चुकायच्या जागाही वाढतात.

तारखा

आपल्याकडे असं पुस्तक खपतं ते ऑक्टोबर ते मार्च. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोक पुस्तकं घ्यायचीच म्हणून येतात, पिशव्या भरून नेतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात झाडीपट्टीची नाटकं आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) चालतात. माघात शेगावचा प्रकटदिन, महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही स्टॉल मिळतो. अशोक विजयादशमी कधी कधी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात येते, म्हणून १० सप्टेंबरला गठ्ठे घरी हवेत.

कसलेल्या हाताला एका पानाची पेन्सिल एक दिवस, शाई एक दिवस, अक्षरं आणि साफसफाई अर्धा दिवस लागते. सोबत शेती किंवा नोकरी असेल तर आठवड्याला दोन पानं होतात, म्हणजे ३२ पानांना सोळा आठवडे. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की निंदण-डवरणीत पुढचे दोन महिने कोणी टेबलावर बसत नाही. त्यामुळे तूर-हरभरा घरात आला की फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं पान सुरू करा आणि पेरणीआधी शेवटच्या पानावर शाई फिरवा. संहिता जानेवारीतच पक्की हवी. जुलै-ऑगस्ट हे स्कॅन, अक्षरं आणि प्रूफचे महिने. ही कामं तुकड्या-तुकड्यांत होतात, लाइन गेली तरी फार बिघडत नाही.

एप्रिल-मेची शाई हा वेगळाच त्रास. ४५ अंशांत टाकाच्या निबवर शाई दोन-चार रेघांत सुकते. पहाटेपासून दहापर्यंत शाईचं काम करा, दुपारी पेन्सिल. कूलरसमोर बसून शाई मारू नका. कूलरच्या ओल्या हवेत कार्ट्रिज (चित्राचा जाड कागद) फुगतो, रेघ फुटते, आणि तो दोष स्कॅनमध्ये आणखी ठळक दिसतो. कूलर पाठीमागे किंवा बाजूच्या खोलीत ठेवा. मनगटाखाली जुन्या कागदाची घडी हवी, घामाचा डाग शाई धरत नाही.

पानाचं माप

सवयीने लोक ए-फोर कागद पूर्ण भरून काढतात आणि छापताना अर्ध्यावर आणतात. यात एक खोच आहे. छपाईत पानाच्या चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचं चित्र लागतं, कारण कटिंग मशिनची पाती थोडी इकडेतिकडे होतातच. ए-फोर भरून काढलं की त्या जास्तीच्या चित्राला ए-फोर स्कॅनरच्या काचेवर जागा उरत नाही. म्हणून मूळ चित्र छापील मापाच्या सव्वापट काढा. ए-फोरपेक्षा थोडा मोठा कार्ट्रिज घेऊन त्यावर तीन आयत आखा:

बाहेरचा १९२.५ × २७० मिमी, चित्र इथपर्यंत न्यायचं.
मधला १८५ × २६२.५ मिमी, पान इथे कापलं जाईल.
आतला १६५ × २४२.५ मिमी, फुगे, चेहरे आणि पान क्रमांक याच्या आत.

हा नमुना एकदा जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवा आणि प्रत्येक पानावर ठेवून कोपरे टोचा. बाहेरचा आयत ए-फोर काचेत मावतो. कागद ओव्हरसाइज असेल तर स्कॅनरचं झाकण काढून ठेवा आणि वरून सपाट वजन ठेवा, कडा उचलली तर तिथे सावली येते.

कागद १५० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड) किंवा वर. तालुक्याच्या स्टेशनरीत मिळणारी साधी ड्रॉइंग शीट दोनदा खोडलं की केस सोडते. शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, पण ती फाउंटन पेनात कधीही भरू नका, आत घट्ट होते आणि पेन कायमचं जातं. टाक नको असेल तर पिगमेंट शाईची ०.१, ०.३ आणि ०.८ ची पेनं पुरतात. सव्वापटीचं चित्र कमी झालं की ०.१ ची रेघ छापात ०.०८ मिमी उरते, जवळजवळ नाहीशीच. पार्श्वभूमीच्या झाडाझुडपांनाही ०.३ वापरा. साधं जेल पेन टाळा, त्यावर सफेदा लावला की करडं होतं.

पान १ नेहमी उजवीकडे येतं, म्हणून समोरासमोर दिसणाऱ्या जोड्या २-३, ४-५ अशा. वाचकाला दचकवायचं असेल तर ती चौकट सम पानावर, पान उलटल्यावरच दिसेल अशी. दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र फक्त १६-१७ वर काढा. तिथेच दोन्ही पानं एकाच कागदावर असतात. इतर जोड्यांत मधली रेघ मिलिमीटरभर हलते आणि नेमका चेहरा दुभंगतो.

अक्षरं

मराठी कॉमिक सगळ्यात जास्त इथे पडतं. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार लागतात, त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त हवी. छापील १० पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटची ओळ. हाताने लिहायचं तर मूळ कागदावर अक्षराची उंची ३ मिमी आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ६.५ मिमी. शिरोरेषा पेन्सिलीने आखूनच लिहा, हवेत लिहिलेली ओळ तिसऱ्या शब्दापासून वर चढते.

आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. उलट केलं की शेवटचा शब्द कोंबावा लागतो. एका फुग्यात पंधरा शब्द, एका चौकटीत पस्तीस, एका पानात सव्वाशे. याच्या वर गेलं की ते कॉमिक राहत नाही, कथा होते. फुगे डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचले जातात, म्हणून आधी बोलणाऱ्या पात्राला डावीकडे उभं करा. हे पेन्सिलीतच ठरतं, नंतर शेपट्या एकमेकींत गुंतवून निभत नाही.

पात्रं वऱ्हाडीत बोलत असतील तर लिहायला बसण्याआधी शब्दांची यादी करा: ‘मले’, ‘तुले’, ‘हाय’, ‘पानी’, ‘डोये’, ‘जाऊन रायला’. एका पानावर ‘रायला’ आणि पुढच्यावर ‘राह्यला’ आलं की वाचक अडखळतो. झाडीबोलीत तेच डोळे ‘डोरे’ होतात, तेव्हा अकोल्याचं पात्र आणि वडशाचं पात्र सारखं बोलवू नका. तिथला वाचक हे लगेच पकडतो आणि सोडत नाही. चौकटीवरचं निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तर बाहेरच्या वाचकालाही धागा सापडतो.

संगणकावर अक्षरं टाकायची असतील तर फॉन्ट युनिकोड आणि मुक्त परवान्याचा घ्या. बालू (Baloo), मुक्ता, कलम हे तिन्ही फुकट आहेत आणि छापायला मोकळे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत तर टायरो देवनागरी मराठी पाहा, पण तो फुग्यापेक्षा निवेदनाला शोभतो. फॉन्ट पक्का करण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कृष्ण’, ‘ट्रॅक्टर’, ‘ऑर्डर’ हे शब्द टाइप करून बघा. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. इंकस्केप फुकट आहे आणि हा घोळ करत नाही.

स्कॅन आणि फाइल

६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांसकट, स्कॅन करा, थेट काळंपांढरं नाही. मग लेव्हल्सने कागद पांढरा आणि शाई काळी करा, डाग खोडा. पान ८० टक्क्यांवर आणून ६०० डीपीआयवरच ठेवा: १५४ × २१६ मिमी, म्हणजे ३६३८ × ५१०२ पिक्सेल. शेवटी थ्रेशोल्ड लावा, म्हणजे करड्या छटा जाऊन निव्वळ काळं आणि पांढरं उरतं, आणि टिफ म्हणून साठवा. जेपीजीत काळ्या रेघेभोवती करडी बुरशी येते. मोबाइलने काढलेला फोटो कितीही स्वच्छ दिसला तरी चौकटींच्या रेघा वाकतात, तो समाजमाध्यमावर टाकायला ठीक.

अक्षरं शेवटी कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या रेघांच्या आकारांत) बदला, आणि अक्षरांची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह झालेलं शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. कर्व्ह केले नाहीत तर काय होतं ते ठरलेलं आहे: छापखान्यातला ऑपरेटर पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडतो, त्याच्याकडे फॉन्ट नसतो, आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली बाहेर येतात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. कव्हरवरची काळी अक्षरं फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर (छपाईच्या पत्र्यावर) ठेवा. चारही रंग मिळून केलेलं काळं थोडं जरी सरकलं तरी अक्षराला रंगीत सावली येते.

छापखाना

पहिला प्रश्न दराचा नाही, यंत्राच्या मापाचा. २५ × ३६ इंचाच्या एका ताव्यातून (छापायच्या मोठ्या कागदातून) या आकाराची ३२ पानं निघतात, म्हणजे ५०० प्रतींना आतल्या कागदाचा एक रिम आणि वाया जाणारे चाळीस-पन्नास तावे. १८ × २५ च्या यंत्रावर एका बाजूला आठ पानं बसतात, तेव्हा चार प्लेट लागतात. यंत्र त्याहून लहान असेल तर प्लेट दुप्पट आणि ऑफसेटचा (प्लेटवरून होणाऱ्या छपाईचा) फायदा संपतो. २००-३०० प्रतीच हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी. दरात जीएसटी, पिना आणि कटिंग धरलंय का, ते लिहून घ्या.

आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो (पुस्तकांचा साधा पांढरा कागद). ७० जीएसएमवर रात्रीच्या प्रसंगातलं भरीव काळं मागच्या पानावर दिसतं. पावसाळ्यात असं काळं लवकर वाळत नाही आणि ताव्यावर तावा ठेवला की समोरच्या पानाला लागतं; ऑपरेटरला ती पानं आधी दाखवा. कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, घडीवर क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून काढलेली खाच) हवंच, नाहीतर रंग तडकतो.

पानांची जुळणी छापखान्याला करू द्या, पण तपासा तुम्ही. एका ताव्यावर घडी पडून शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी ३३ व्हावी: १ आणि ३२, २ आणि ३१. आठ घड्या एकात एक गेल्या की आतल्या पानांची कड अर्धा-पाऊण मिमी बाहेर येते आणि कापली जाते, म्हणून पान क्रमांक कडेला चिकटवू नका. एक डिजिटल प्रत काढून, घडी घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नका.

किंमत, विक्री, हक्क

समजा प्रतीमागे २५ रुपये पडले आणि दुकानदार ४० टक्के घेतो. किंमत ५० ठेवली तर हातात ३० येतात, त्यातून छपाई गेली की पाच. १०० ठेवली तर पस्तीस. म्हणून ५० ला फक्त स्वतःच्या हाताने विकायचं, दुकानात नाही. ६० किंवा ७५ ठेवू नका, जत्रेत सुट्ट्यांवरून गिऱ्हाईक परत जातं. क्यूआर कोड ठेवा, पण गर्दीत नेटवर्क मरतं, तेव्हा पैशाचा मेसेज बघितल्याशिवाय प्रत सोडू नका. ग्रामपंचायतीची जागेची पावती खिशात ठेवा. सार्वजनिक ग्रंथालयं घेतात, त्यांना बिल लागतं. आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो, फक्त छपाईच्या आधी करा. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रती पाठवाव्या लागतात. स्वतः छापणाराही प्रकाशकच.

टपालाचं वजन आधीच काढून ठेवा. या मापाची प्रत सुमारे ५५ ग्रॅम भरते, पुठ्ठा आणि पाकीट धरून ९० च्या आसपास. पुठ्ठा टाळून वाचवलेले पैसे मुडपलेल्या प्रती परत आल्या की जातात.

पोट बहुधा दुसऱ्यांच्या कामावरच चालतं: संस्थांच्या आरोग्य पुस्तिका, शेतीची माहितीपत्रकं, शाळांच्या भिंती. तिथे दर पानामागे सांगा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, दुरुस्त्या पेन्सिलीच्या टप्प्यावर दोनदाच. कागदावर हक्काचं लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मूळ चित्रं परत मिळतील, हे वाक्यही घाला.

उरलेल्या प्रती जमिनीवर ठेवू नका. वाळवी खालच्या गठ्ठ्यापासून सुरू होते आणि वरचा उचलेपर्यंत कळत नाही. भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर, २५-२५ चे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालचा गठ्ठा वर करा.