सायलेन्सरचा मागचा पाइप बदलताय? आधी गाडी नीट टेकवा

टेलपाइप गंजून फुटला की साधी हॅचबॅकपण ट्रॅक्टरसारखी आवाज करते, आणि कोकणात खाऱ्या हवेत तर हे ठरलेलंच. पण पाइप आतूनही सडतो बरं का. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन त्यातून जातं, आणि गाडी फक्त बाजारापर्यंत जाऊन येत असेल तर पाइप पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं. म्हणून पार्ट आणायच्या आधी सायलेन्सरच्या डब्यावर पान्याने हलकंसं ठोकून बघा, गंजाचे पापुद्रे पडले तर डबाही गेलाय, नुसता पाइप घेऊन उपयोग नाही. आणि पाइप डब्याला वेल्ड केलेला असेल तर सरळ गॅरेज गाठा, पेट्रोलची टाकी तिथेच बाजूला असते, घरी ग्राइंडर किंवा गॅस चालवायची हौस नको.

आता मुख्य गोष्ट. पाइप काढणं अवघड नाहीये, धोका आहे तो गाडीखाली झोपण्यात. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त टायर बदलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही, विटा-दगडपण चालत नाहीत, फुटतात. पक्की सपाट जमीन बघा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, मग मागून उचलून दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा आणि खाली जायच्या आधी गाडी हाताने हलवून बघा. गाडी कमीत कमी दोन-तीन तास बंद असू दे, पाइप जाम तापतो. चष्मा आणि हातमोजे घालाच, गंजाचा चुरा थेट डोळ्यात येतो.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सैल करणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, आणि पाना लावल्यावर जोर करायच्या आधी थोडं घट्ट थोडं सैल असं हलवत सोडवा, नाहीतर बोल्टच तुटतो. पाइप ज्यांना लटकतो ते रबरी हँगर निघत नसतील तर साबणाचं पाणी लावा. चिरलेले रबर परत लावू नका, गॅस्केट (सांध्यातून धूर गळू नये म्हणून मध्ये बसणारी चकती) आणि क्लॅम्पपण नवेच घ्या, तिथे कंजुषी नको.

नवा पाइप आधी रबरांना लटकवायचा, मग सगळे नट हातानेच सैल बसवायचे, पाइप बंपर, अ‍ॅक्सल, ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कशालाच लागत नाही हे बघायचं, आणि मगच इंजिनाच्या बाजूने मागे येत घट्ट करायचं.

गाडी खाली उतरवून उघड्यावर स्टार्ट करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. पाइप गार असतानाच सांध्यावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर लीक आहे. एकदा चक्कर मारून गाडी गार झाली की नट परत एकदा आवळा, पहिल्यांदा तापल्यावर ते थोडे सैल पडू शकतात.